पात्राच्या वाटेने आशयसूत्रापर्यंत : अभिजात कथा-कादंबरीचं विश्लेषण कसं करावं

‘या कथेचं आशयसूत्र काय?’ असं विचारलं की बहुतेकदा एका शब्दात उत्तर येतं. प्रेम. लोभ. नियती. गरिबी. शब्द चुकीचे नसतात, पण ते विषय झाले. प्रेमावर जगातल्या निम्म्या कादंबऱ्या आहेत. सगळ्या एकच गोष्ट सांगत असत्या तर दुसरी हातात घ्यायची गरज उरली नसती. त्या विषयाबद्दल त्या कलाकृतीने जे विधान केलेलं असतं, ते आशयसूत्र. ते पूर्ण वाक्य असतं, त्यात क्रियापद असतं आणि एखाद्याला ते अमान्य करता येतं.

लेखक हे विधान सहसा कुठे लिहून ठेवत नाही. ते पात्रांच्या वागण्यातून काढावं लागतं. पात्राला काय हवं होतं, ते मिळवायला किंवा टिकवायला त्याने काय निवडलं, आणि त्या निवडीची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांना नेमकी उत्तरं मिळाली की सूत्र बरंचसं हाताला लागतं. म्हणून इथली पद्धत पात्रापासून सुरू होते. सूत्र आधी ठरवायचं आणि मग त्याला पुरावे चिकटवत बसायचं, हा उलटा रस्ता. परीक्षेतल्या उत्तरांपासून समीक्षालेखांपर्यंत फसलेलं पुष्कळ लेखन याच रस्त्याने गेलेलं असतं.

आधी प्रत, मग वही

हातातली प्रत संपूर्ण आहे ना, हे पहिल्यांदा बघा. संक्षिप्त आवृत्तीत कथानक टिकतं, पात्रं मात्र पातळ होतात. कात्री आधी चालते ती वर्णनांवर, उपकथानकांवर आणि दुय्यम पात्रांच्या संवादांवर, आणि सूत्राचे निम्मे पुरावे नेमके तिथेच असतात. रूपांतरावर तर मूळ कृतीचं विश्लेषण उभं करूच नये. नावं, स्थळ आणि कधी कधी शेवटही बदललेला असतो. अनुवाद चालतो, पण एक सावधगिरी हवी. ‘हा शब्द पुन्हा पुन्हा येतो’ अशा मुद्द्यावर भिस्त ठेवायची असेल तर दुसरा एखादा अनुवाद समोर ठेवून पडताळा घ्या. मुळात एकच शब्द पाचदा आलेला असतो आणि अनुवादकाने कानाला बरं वाटावं म्हणून पाच वेगळे शब्द योजलेले असतात. उलटही होतं.

वहीच्या पानावर चार रकाने आखा: पान क्रमांक, काय घडलं (एकाच ओळीत), पात्राचे नेमके शब्द किंवा नेमकी कृती, आणि तुमची शंका. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘इथे ती गप्प का बसली?’, ‘हा माणूस या प्रसंगात हवाच कशाला?’ असे प्रश्न त्यात जातात, आणि पुढे लेखाचा कणा त्यांतूनच निघतो. प्रकरणामागे तीन ते पाच ओळी पुरेत. चारशे पानांच्या कादंबरीच्या नोंदी दहा पानांपलीकडे गेल्या, तर तुम्ही गोष्ट उतरवून काढताय असं समजा.

नावांची वेगळी यादी करा. रशियन कादंबऱ्यांत तर हिच्यावाचून गत्यंतर नाही: रोडिऑन रोमानोविच, रास्कोलनिकोव आणि रोद्या ही तीन माणसं नसून ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा एकच नायक आहे. औपचारिक बोलताना नावापुढे पित्याचं नाव, घरात लाडकं नाव. यादीत नुसती नावं लिहून थांबू नका; कोण कोणाला काय म्हणतं तेही टिपा. संबोधन बदललं की नातं बदललेलं असतं. त्याचं एक उदाहरण पुढे येतंय.

किती वेळा वाचायचं

कथा तीनदा. पहिल्यांदा सलग, फक्त समासात खुणा करत. दुसऱ्यांदा एखादा दिवस मध्ये जाऊ देऊन, आता शेवट ठाऊक आहे हे धरून. पूर्वसूचना या वाचनात दिसतात. तिसऱ्यांदा फक्त तो प्रसंग, जिथे मुख्य पात्र काहीतरी ठरवतं.

कादंबरी तीनदा वाचायला कोणाला फुरसत आहे? एकदा पूर्ण वाचा. मग पहिली वीस पानं, शेवटची वीस पानं आणि निर्णयाचे तीन प्रसंग पुन्हा काढा. पहिल्या वीस पानांचं दुसरं वाचन टाळू नका. लेखकाने तिथे काय पेरलंय ते शेवट वाचून झाल्याशिवाय कळत नाही.

याच टप्प्यावर पानांचा हिशेब करून टाका. लेखकाने कशाला किती जागा दिली? दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’चे (1866) सहा भाग आणि एक उपसंहार. खून पहिल्याच भागात होऊन जातो. कोणी केला हेही वाचकाला तिथेच माहीत असतं. उरलेले पाच भाग कशासाठी, हा प्रश्न विचारला की कादंबरीचं वजन शिक्षेकडे आहे, आणि ती शिक्षाही कोर्टाने देण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली आहे, हे आपोआप दिसतं. टॉल्स्टॉयच्या ‘अ‍ॅना कारेनिना’चे आठ भाग आहेत, अ‍ॅनाचा मृत्यू सातव्याच्या अखेरीस होतो आणि तरी आठवा भाग उरतो, त्यात कादंबरीचा दुसरा नायक लेविन आहे. सूत्राच्या वाक्यात लेविनला जागा नसेल, तर ते वाक्य अख्ख्या कादंबरीचं नाही, फक्त अ‍ॅनाच्या गोष्टीचं आहे.

गोष्ट सांगतंय कोण?

पात्राबद्दल आपल्याला जे कळतं ते निवेदकामार्फत कळतं. तेव्हा पात्राची चौकशी करण्याआधी निवेदकाची करा. त्याला किती माहिती आहे, तो कधी सांगतोय, आणि असं सांगण्यात त्याचा स्वतःचा काही फायदा आहे का, हे तीन प्रश्न पुरतात.

प्रथमपुरुषी निवेदनात ‘कधी सांगतोय’ हा प्रश्न फार कामाचा. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (1860-61) घटना घडतात त्या लहान आणि तरुण पिपच्या आयुष्यात, पण सांगतो प्रौढ पिप. दोघेही ‘मी’च म्हणतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याशी थांबून विचारा: हे त्यावेळच्या मुलाचं मत, की आज पस्तावलेल्या माणसाचं? दोघांमधलं अंतर हाच या कादंबरीचा मोठा ऐवज आहे. ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये यमूला स्वतःची कहाणी स्वतःच सांगायला लावली. 1890 साली ‘करमणूक’मध्ये ती क्रमशः येऊ लागली, तेव्हा एका बाईच्या तोंडचा हा ‘मी’ स्वतःच एक विधान होता. तीच कथा सर्वसाक्षी निवेदकाने सांगितली असती तर दुःख तेवढंच राहिलं असतं, पण ‘लक्षात कोण घेतो’ या प्रश्नातला ठसका गेला असता.

निवेदनाचे थर असतील तर त्यांचा नकाशा काढा. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (1818) कप्तान वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपली हकीकत सांगतो, आणि त्या हकीकतीच्या पोटात त्याने घडवलेला जीव स्वतःची बाजू मांडतो. म्हणजे त्या जीवाचा शब्द आपल्याकडे दोन माणसांच्या हातून येतो, आणि त्यांतला एक त्याचा वैरी आहे. (फ्रँकेन्स्टाइन हे आडनाव निर्मात्याचं. त्या जीवाला कादंबरीत नावच नाही, आणि नाव नसणं हाही पुरावाच आहे. त्या जीवालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणण्याची गफलत इतकी सार्वत्रिक आहे की लेखात झाली तर पहिल्याच परिच्छेदात विश्वास जातो.)

तृतीयपुरुषी निवेदनातला सापळा वेगळा. ‘तो म्हणाला’, ‘तिला वाटलं’ असं काही न लिहिता निवेदक पात्राच्या मनातली भाषाच बोलू लागतो आणि ते मत लेखकाचं आहे असा भास होतो. फ्लोबेर या तंत्रातला उस्ताद. ‘मादाम बोव्हारी’वर 1857 मध्ये नीतिमत्तेच्या कारणावरून खटला भरला गेला आणि लेखक निर्दोष सुटला. निवेदक नायिका एम्माचा निषेध करत नाही, बहुतेक वेळा तिच्याच डोळ्यांनी पाहतो, हे तेव्हाच्या वाचकांना झेपणं अवघड होतं. आजही उत्तरपत्रिकांत ‘लेखक म्हणतो की’ असं लिहून एम्माची स्वप्नं फ्लोबेरच्या नावावर खपवली जातात. शंका असेल तर वाक्याच्या पुढे ‘तिच्या मते’ जोडून बघा. अर्थ बिघडला नाही, तर ते वाक्य बहुधा पात्राचं आहे.

पात्राची चौकशी

प्रेमळ, हट्टी, भोळा अशी विशेषणांची माळ म्हणजे पात्रचित्रण नाही. विशेषण हा निष्कर्ष असतो. तो लिहायचाच असेल तर शेवटी लिहा. त्याआधी प्रत्येक मुख्य पात्रासाठी वहीचं एक पान घ्या आणि ही उत्तरं पान क्रमांकासह भरा: त्याला उघडपणे काय हवंय, त्याला खरी गरज कशाची आहे, त्याला कशाची भीती किंवा लाज वाटते, त्याने स्वतःहून कोणता निर्णय घेतला, त्याची किंमत कोणी मोजली, आणि शेवटी त्याच्यात काय बदललं, काय तसंच राहिलं.

‘हवंय’ आणि ‘गरज’ यांतला फरक नीट धरा. पिपला सभ्य गृहस्थ व्हायचंय, ते त्याला हवंय. जो गार्गरी या लोहार मेहुण्याच्या मायेशी इमान राखणं ही त्याची गरज आहे, आणि ते त्याला फार उशिरा कळतं. दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट आली तर पुन्हा वाचायला बसा.

लाजेच्या रकान्याला लोक वगळतात. वास्तविक पात्र उघडं पडतं ते तिथेच. जो लंडनला पिपला भेटायला येतो तो प्रसंग काढा. जोची हॅट शेकोटीवरच्या फळीवरून पुन्हा पुन्हा पडते, तो ती पकडत राहतो. विनोदी चित्र आहे, पण विनोद कोणाच्या जिवावर चाललाय? पैसे देऊन जोला दूर ठेवता आलं असतं तर आपण पैसे दिले असते, हे पिप स्वतःच कबूल करतो. आणि जो, ज्याच्या कडेखांद्यावर हा मुलगा वाढला, त्याला ‘सर’ म्हणतो. मध्येच भान सुटतं तेव्हा ‘पिप’ म्हणतो, पुन्हा सावरून ‘सर’. जाताना ‘या कपड्यांत मी चुकीचा माणूस आहे’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून निघून जातो. पिप मागोमाग धावतो, पण गल्ल्यांत तो सापडत नाही.

आता संबोधनांची यादी उघडा. पुढे कर्जात बुडालेला पिप आजारी पडतो आणि जो त्याची शुश्रूषा करतो, तेव्हा ‘सर’ गळून पडलेलं असतं. पिपच्या अंगात ताकद येऊ लागते तसतसं ते परत येतं. एके सकाळी जो निघून गेलेला असतो, आणि मागे पिपचं कर्ज फेडल्याची पावती. पिप दुबळा असतो तेव्हा जवळीक, सावरतो तेव्हा अंतर: कोणतंही विशेषण न वापरता एवढं मोठं निरीक्षण केवळ एका शब्दाच्या मागावर राहून मिळालं. पात्रचित्रणात हाच कस लागतो.

निर्णयाच्या रकान्यात घडलेली घटना लिहू नका. वादळ आलं, आजार झाला, वारसा मिळाला, या घटना. पात्रापुढे निदान दोन रस्ते होते आणि त्याने एक धरला, तो निर्णय. पात्राला कुठेच दोन रस्ते दिसत नसतील, तर तेही लिहून ठेवा. काही कथांचं सूत्रच त्या कोंडीत असतं.

एकट्या पात्राने भागत नाही

1927 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ई. एम. फॉर्स्टरने पात्रांची सपाट आणि गोल अशी विभागणी केली. एका वाक्यात मावतं ते सपाट. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं ते गोल. विभागणी कामाची आहे, पण सपाट म्हणजे कमअस्सल असं समजून तिचा चुथडा केला जातो. सपाट पात्र मोजपट्टीसारखं असतं. ते हलत नाही म्हणून दुसरं किती हललं ते कळतं.

पात्रांची तुलना करताना साम्य-भेदांची लांबलचक यादी नको. एकाच प्रसंगापुढे उभी राहिलेली दोन पात्रं शोधा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) कॉलिन्सची लग्नाची मागणी नायिका एलिझाबेथ धुडकावते आणि थोड्याच दिवसांत तिची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सला होकार देते. तोच माणूस, दोन उत्तरं. शार्लटचं वय सत्तावीस आहे, हाताशी मालमत्ता नाही. आता सूत्राचं वाक्य ‘प्रेमासाठीच लग्न करावं’ इतकं सोपं राहतं का? शार्लटला कादंबरी मूर्ख ठरवत नाही. एलिझाबेथ बिचकते, पण शार्लटचं घर पाहून आल्यावर तिला काहीतरी समजलेलं असतं. ही अडचण सूत्रात सामावून घ्यावी लागते.

इथेच काळाचा संदर्भ लागतो, पण मोजका. लेखकाचं चरित्र आणि युगाचा इतिहास दोन पानं लिहिण्यापेक्षा कथेतल्या निर्णयाला जखडणाऱ्या दोन-तीन गोष्टी शोधा: कायदा काय होता, पैसा कोणाच्या हातात होता, समाजात नाव जाणं म्हणजे नेमकं काय होई. एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबाची इस्टेट मुलींना मिळणार नाही, ती पुरुष वारसाकडे, म्हणजे कॉलिन्सकडेच जाणार, हे लक्षात नसेल तर मिसेस बेनेट नुसती बडबडी बाई वाटते. हे कळलं की तिच्या बडबडीखालची धास्ती ऐकू येते.

एक कथा जवळून : मोपासाँची ‘नेकलेस’

1884 ची ही छोटी कथा अनेकांनी शाळेत वाचलेली असते, आणि बहुतेकांना तिचं आशयसूत्र ‘लोभाचं फळ वाईट’ असं शिकवलेलं असतं. ते कथेवर ठेवून पाहू.

मातिल्द लोइझेल एका कारकुनाची बायको. तिला ऐश्वर्य हवंय, लोकांनी आपला हेवा करावा असं वाटतंय. मंत्र्याच्या घरच्या समारंभाचं बोलावणं येतं. नवऱ्याने बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक तिच्या पोशाखात जातात. मग ती श्रीमंत मैत्रीण मादाम फोरेस्तिएकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभात ती झळकते, आणि घरी परतल्यावर हार गळ्यात नसतो. तो बदलून द्यायला छत्तीस हजार फ्रँक लागतात. अठरा हजार नवऱ्याच्या वारशातून येतात, बाकीचं कर्ज. ते फेडण्यात दहा वर्षं जातात. मग एक दिवस मैत्रीण भेटते आणि सांगते की तो हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा.

आता रकाने भरा. कलाटणी कुठे आहे? बहुतेक जण ‘हार हरवतो तिथे’ म्हणतात. पण हरवणं हा अपघात, निर्णय नाही. निर्णय त्यानंतरचा आहे: हाराची कडी तुटली, दुरुस्तीला दिलाय, असं पत्र मैत्रिणीला लिहिलं जातं. नवरा सांगतो, ती लिहिते. दोन रस्ते होते, एक बंद केला. कथेची मान इथे वळते. ‘लोभ’ या शब्दाला मात्र या क्षणाशी काही देणंघेणं नाही. इथे जे काम करतंय ते म्हणजे नामुष्कीची भीती.

दुसऱ्या वाचनात पूर्वसूचना गोळा करा. किमान तीन सापडतात. मैत्रीण हार देताना क्षणभरही कचरत नाही. हरवल्यावर दोघं डबीवरचं नाव पाहून जवाहिऱ्याकडे जातात, तर तो सांगतो की हार आमच्याकडचा नाही, आम्ही फक्त डबी दिली असणार. आणि नवा हार परत करताना मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही. जवाहिऱ्याच्या वाक्याशी जरा रेंगाळा. डबी एकीकडची, आतला ऐवज दुसरीकडचा. कथेचं सगळं मर्म त्या फुटकळ वाटणाऱ्या उत्तरात आहे, आणि दोघंही ते ऐकून पुढच्या दुकानाकडे निघतात.

आता ‘लोभाचं फळ वाईट’ हे वाक्य तपासा. विरोधी पुरावा शोधायचा, बाजूचा नव्हे. ती कर्ज बुडवत नाही, मोलकरीण काढून टाकते, घर बदलते, हातांनी भांडी घासते. निवेदक तिच्या निर्धाराला शौर्याचा शब्द वापरतो. खोटे दागिने मिरवणाऱ्या मैत्रिणीला कथा काहीच शिक्षा करत नाही. तेव्हा लोभाचं सूत्र टिकत नाही. मग ‘श्रमांनी ती शुद्ध झाली’? तेही नाही, एवढ्या वर्षांनंतरही ती खिडकीशी बसून त्या एका संध्याकाळची आठवण काढते. इच्छा गेलेली नाही. ‘नेहमी खरं बोलावं’? हे जवळ जातं, पण हा बोध झाला. बोध वाचकाला काय करावं ते सांगतो. सूत्र जग कसं चालतं ते सांगतं.

पुन्हा बांधू: ‘प्रतिष्ठा राखायला माणूस जे लपवतो, ते सांगितलं असतं तरच तो सुटला असता, पण ते सांगण्याचं बळ त्याला प्रतिष्ठा गमावल्यावरच येतं.’ हे वाक्य शेवटच्या भेटीलाही लागू पडतं. मातिल्द मैत्रिणीला सगळं सांगते ती केव्हा? मैत्रिणीने ओळखलंही नाही इतकी ती बदललेली असताना, राखायला काही उरलेलं नसताना. जुन्या वाक्यांत न बसलेले तपशील इथे बसतात, म्हणून हे वाक्य बरं. शेवटचं म्हणायची घाई मात्र नको.

एक इशारा. कथा मैत्रिणीच्या उद्गारावर थांबते. त्यावर मातिल्दला काय वाटलं ते कथेत नाही. ‘हे ऐकून ती कोसळते’ असं लिहिलेले लेख सर्रास दिसतात. कथेत नसलेलं दृश्य पुरावा म्हणून वापरणं ही विश्लेषणातली सगळ्यात महाग चूक.

सूत्राचं वाक्य घासून घेणं

कच्चं वाक्य तयार झालं की त्याच्या चार परीक्षा घ्या. त्यातून पात्रांची नावं काढली तरी ते उभं राहतं का? (नावांशिवाय कोसळत असेल तर तो कथासार आहे.) दुसऱ्या कोणत्याही कथेला ते तसंच चिकटतं का? चिकटत असेल तर फार ढोबळ आहे. कथेतली सर्वांत गैरसोयीची घटना त्यात बसते का? आणि त्यात ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणूनच’ यांसारखा ताण दाखवणारा एखादा शब्द आहे का? अभिजात कृतींची सूत्रं सहसा सरळ रेषेत नसतात.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ला आणखी एक परीक्षा लावता येते. डिकन्सने आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती इस्टेला थोडा वेळ भेटतात आणि दुरावतात. कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सुचवणीनंतर त्याने शेवट बदलला आणि त्यात दोघं पुन्हा दुरावणार नाहीत अशी आशा ठेवली. तुमचं सूत्र दोन्ही शेवटांत तग धरत असेल तर ते जो आणि मॅग्विच (पिपला गुप्तपणे पैसा पुरवणारा कैदी) यांच्यावर उभं आहे, म्हणजे भक्कम आहे. एका शेवटात मोडत असेल तर तुम्ही प्रेमकथेवर जास्त भार टाकलाय.

प्रतीकांबद्दल थोडंसं

फार शोधू नका. वस्तू तीनदा आली आणि दर वेळी पात्राशी तिचं नातं बदललं, तरच तिला प्रतीक म्हणा. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला (1842) कोट आधी थंडीपुरती गरज असतो. मग कथेतला गरीब कारकून अकाकी अकाकियेविच संध्याकाळचा चहा आणि मेणबत्ती सोडून ऐंशी रुबल जमवू लागतो, तेव्हा तो कोट आयुष्याच्या जोडीदारासारखा होतो. आणि अंगावर चढला त्याच रात्री तो चोरीला जातो. तीन टप्पे, तीन अर्थ. पाऊस म्हणजे दुःख आणि पांढरा रंग म्हणजे पावित्र्य, असली कोष्टकं बाजूला ठेवलेली बरी.

लिहायला बसल्यावर

बाराशे शब्दांच्या लेखात तीन मुद्दे पुष्कळ झाले. प्रत्येक मुद्द्याला एक प्रसंग, आणि कथासार एकूण लेखाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. वाचकाने कृती वाचली आहे असं धरून चाला.

परिच्छेद असा बांधा: आधी दावा, मग प्रसंग कुठला ते अर्ध्या ओळीत, मग नेमका शब्द किंवा कृती, आणि त्यानंतर निदान दोन वाक्यं, त्या शब्दाने दावा कसा सिद्ध होतो ते सांगणारी. हा शेवटचा भाग लोक खातात. अवतरण देऊन पुढे निघून जातात, जणू अवतरण स्वतःच बोलेल. नमुना पहा:

‘पिपची उन्नती त्याला माणसांपासून तोडते. लंडनच्या भेटीत जो त्याला “सर” म्हणतो, आणि विसरला की “पिप”. जोच्या तोंडातला हा गोंधळ अडाणीपणाचा नाही. पिपने न बोलता घातलेली सीमा त्याने ओळखली आहे आणि तो ती पाळायचा प्रयत्न करतोय. पुढे आजारातून उठणाऱ्या पिपला जेव्हा पुन्हा “सर” ऐकावं लागतं, तेव्हा तीच सीमा पिपला शिक्षेसारखी वाटते.’

यात एकही विशेषण पात्राला चिकटवलेलं नाही, तरी दोन्ही पात्रं दिसतात.

अवतरण दहा-बारा शब्दांच्या पुढे नेऊ नका. लांबलं तर त्यातल्या ज्या शब्दावर बोलायचंय तेवढाच ठेवा. क्रियापदं वर्तमानकाळात ठेवली की लेख सैल पडत नाही: पिप धावतो, मातिल्द लिहिते. ‘लेखकाला असं सुचवायचं आहे की’ हा शब्दप्रयोग शोधून प्रत्येक ठिकाणी खोडा. लेखकाच्या मनात काय होतं ते सिद्ध करता येत नाही. मजकूर काय करतोय ते दाखवता येतं. आजच्या मापाने पात्राला दोष देण्याची वाक्यंही याच फेरीत काढा. मातिल्दने दुसऱ्या दिवशी सरळ सांगून टाकायला हवं होतं, हे खरं असलं तरी ते विश्लेषण नव्हे. तिला ते का सांगता आलं नाही, यावर खर्च केलेला परिच्छेद उपयोगाचा.

अडकलात तर बहुधा कारण एकच असतं: चौथा रकाना रिकामा आहे. वही उघडून निर्णयाचा प्रसंग पुन्हा वाचा आणि तीन प्रश्न लिहा, उत्तरं न शोधता. एखाद्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात दोन ठिकाणी दोन प्रकारे मिळत असेल, तर लेख तिथून सुरू करा. शीर्षक सगळ्यात शेवटी द्या, आणि त्यात विषय न घालता तो पुरावाच घाला: ‘पिपची व्यक्तिरेखा’ ऐवजी ‘जो गार्गरीचं “सर”’.